रेव्हिट: टिपिकल फ्लॅटचे ग्रुप सारखे फुटतायत, सगळं लिंकवर न्यावं का?

कॉर्नरप्लॉट:
मंडळी, रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) पुण्यातली इमारत करतोय, पार्किंग अधिक १२ मजले. मजल्यावर चार टूबीएचके, दोन सरळ, दोन मिरर. एक फ्लॅट पूर्ण काढला, सगळं सिलेक्ट करून मॉडेल ग्रुप (एका प्रतीत बदललं की सगळ्या प्रती बदलणारा संच) केला, मिरर मारला आणि 'पेस्ट अलाइन्ड टू सिलेक्टेड लेव्हल्स'ने वर चढवला. तोवर सगळं छान. आता क्लायंटला टॉयलेटचं दार डक्टकडे सरकवून हवंय. ग्रुप एडिट करून फिनिश दाबलं की 'फिक्स ग्रुप्स' येऊन बसतं: अनग्रुप करा, नाहीतर नवे टाइप बनवा. नवे बनवत गेलो तर प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये (फाइलमधल्या यादीत) फ्लॅट ए, ए २, ए ३ अशी रांग लागली. ऑफिसमधले सर म्हणतात, ग्रुपच्या नादी लागू नका, साधं कॉपी-पेस्ट करा. की फ्लॅटची वेगळी फाइल करून ती लिंक करावी?

जुना_ब्लॉकवाला:
सरांचं ऐकू नका. ४८ फ्लॅटची ४८ दारं हाताने सरकवणार का? आमच्याकडे अजून ऑटोकॅड आहे, पण तिथेही दार म्हणजे ब्लॉक, एकदा काढून हवं तिथे बसवायचं चित्र. रेव्हिटचं मात्र जाणकारांनी सांगावं.

ओटा_आणि_डक्ट:
'सगळं सिलेक्ट करून' इथेच गोम आहे. दोन फ्लॅटमधली सामाईक भिंत कोणाच्या ग्रुपमध्ये गेली? बहुधा दोन्हींच्या. मग एकाच जागी दोन भिंती बसतात, एकीत काही बदललं की दुसरीचे जॉइन (सांधे) हलतात. रेव्हिटला प्रत्येक प्रत तंतोतंत सारखी लागते. एका मजल्यावरची भिंत शेजारच्या कॉलमशी वेगळी जुळली तरी तो अडून बसतो.

माझा नियम: जी वस्तू दोघांची, ती ग्रुपच्या बाहेर. सामाईक भिंती, पॅसेजची भिंत, बाहेरची भिंत, कॉलम, आरसीसी स्लॅब, सगळं बाहेर. टॉयलेटचा सनकन (खाली घेतलेला) स्लॅबसुद्धा बाहेर, फक्त वरचं टाइल फिनिश आत. आत उरतात आतल्या भिंती, त्यांतली दारं, ओटा, सॅनिटरी, फर्निचर. मुख्य दार पॅसेजच्या भिंतीत बसतं ना? मग तेही बाहेर. दार आत आणि त्याची भिंत बाहेर, असा संसार टिकत नाही. बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्यांचंही तेच.

आतल्या भिंतींचे माथे वरच्या स्लॅबला 'अटॅच' केलेले असतील तर आधी सोडवा. स्लॅब ग्रुपबाहेर, म्हणजे ती दोरी बाहेर बांधलेली. मी अशा भिंतींना सरळ अनकनेक्टेड (कशालाही न जोडलेली, ठरावीक) उंची देते.

मिररबद्दल माझं मत जरा कडक आहे. दोन-चार बेडरूमच्या भिंती असतील तर मिरर चालतो, पण टॉयलेट आलं की मी उजवा-डावा असे दोन स्वतंत्र ग्रुप करते. मिररमध्ये डावं दार उजवं होतं, बेसिनचे गरम-गार नळ उलटे होतात, आणि फेस-बेस्ड फॅमिली (पृष्ठभागाला चिकटून बसणारी तयार वस्तू) कधी कुठे तोंड करेल सांगता येत नाही. बदल दोनदा करावा लागतो हे खरं, पण तो दोनदाच.

लिंक मी पूर्ण इमारतीसाठी वापरते, एकाच साइटवर तसेच तीन टॉवर असतील तेव्हा. फ्लॅटला नाही. लिंकमधली भिंत यजमान फाइलमधल्या भिंतीशी जुळत नाही, प्लॅनमध्ये सांध्यावर रेघ राहते. शिवाय शेड्यूलमध्ये (दारं-खिडक्या मोजणाऱ्या तक्त्यात) 'इन्क्लूड एलिमेंट्स इन लिंक्स'ची खूण विसरलात की दारांचा आकडा गुपचूप कमी येतो, आणि तो आकडा टेंडरला जातो.

कॉर्नरप्लॉट:
ताई, सामाईक भिंती बाहेर काढल्या, दार सरकलं! आता दोन अडचणी. रेफ्यूज मजल्यावर (आगीच्या वेळी थांबायला मोकळी जागा ठेवलेल्या) एका फ्लॅटमध्ये एक दार नकोय. आणि टॅग (दारं-खोल्यांवरच्या नाव-क्रमांकाच्या खुणा), डायमेन्शन ग्रुपमध्ये राहतच नाहीत.

ओटा_आणि_डक्ट:
एकच दार असेल तर टॅब दाबत त्या दारापर्यंत या, क्लिक करा, बाजूला छोटं चिन्ह दिसेल, त्याने त्या प्रतीतून वगळा. वगळलेलं दार शेड्यूलमध्ये मोजलं जात नाही. पण त्या मजल्यावर तीन-चार गोष्टी वेगळ्या असतील तर वगळावगळी नको, टाइप डुप्लिकेट करा आणि नावातच 'रेफ्यूज' लिहा. सहा महिन्यांनी दुसरा कोणी फाइल उघडेल तेव्हा 'ए ३' पाहून त्याला काय कळणार?

टॅग आणि डायमेन्शन अटॅच्ड डिटेल ग्रुपमध्ये जातात. एका फ्लॅटवर काढा, मॉडेल ग्रुपला जोडा, मग बाकी मजल्यांच्या प्लॅनमध्ये ग्रुप निवडून 'अटॅच्ड डिटेल ग्रुप्स'मधून चालू करा. एक मात्र लक्षात घ्या, डायमेन्शन बाहेरच्या भिंतीपासून धरलं तर ते त्यात येणार नाही. आतल्या भिंतींची मापं तिथे, बाकी प्लॅनवर वेगळी.

आणि हे आत्ताच करा: ग्रुपचं ओरिजिन (ज्या बिंदूवर तो बसतो तो) ओढून ग्रिडच्या छेदावर ठेवा, सरळ फ्लॅटचंही आणि रेफ्यूजवाल्याचंही, त्याच छेदावर. नाहीतर टाइप बदलल्यावर फ्लॅट शेजाऱ्याच्या हॉलमध्ये जाऊन बसतो.

जुना_ब्लॉकवाला:
आमच्या ब्लॉकचा बेस पॉइंटही असाच भलतीकडे असतो. इन्सर्ट केलं की खुर्ची थेट रस्त्यावर!