लेयर, सेव्ह, बॅकअप: तुमचं काय काय उडालंय?

गेल्या रविवारी दादरला मावशीकडे आजीच्या फोटोची फ्रेम घेऊन गेले. साठेक वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका स्टुडिओत काढलेला फोटो. कडा झिजलेल्या, मधोमध घडी. दीड महिना रोज रात्री बसून घडी घालवली, बुरशीचे ठिपके काढले. मावशीने चष्मा लावला, फ्रेम खिडकीपाशी नेली आणि म्हणाली, "छान केलंस गं. पण आईचा तीळ कुठे गेला?"

हनुवटीवर, डावीकडे. डाग समजून मीच पुसला होता. हीलिंग ब्रश (आजूबाजूचा भाग वापरून डाग बुजवणारा) थेट स्कॅनवर चालवला आणि रोज त्याच फाइलवर कंट्रोल एस. फाइल बंद केली की फोटोशॉपची हिस्टरीही (मागे जायची पायऱ्यांची यादी) जाते. स्कॅनची वेगळी कॉपी ठेवलीच नव्हती, आणि मूळ फोटो मामा चिपळूणला परत घेऊन गेलाय.

वर एक रिकामी लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर, घेऊन, 'सॅम्पल ऑल लेयर्स'वर टिचकी मारून (म्हणजे ब्रश खालचा फोटोही वाचतो) सगळी दुरुस्ती तिथे केली असती, तर त्या लेयरवर हनुवटीपाशी खोडरबर फिरवला की तीळ परत. हे मला माहीत होतं, कंटाळा केला.

तर तुमचं काय उडालंय आणि त्यानंतर काय बदललंत, ते लिहा. फोनवरचं एडिटिंगही चालेल.

परळकर
माझा धंदाच हा, लग्नाचे अल्बम. बारा बाय छत्तीस इंचांची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल. पूर्ण भरलेली एक लेयर मेमरीत जवळजवळ ११७ एमबी खाते. पंचवीस-तीस लेयर झाल्या की मशीन धापा टाकायचं, म्हणून शीट झाली की फ्लॅटन करून, म्हणजे सगळ्या लेयर एकात मिसळून, मोकळा व्हायचो.

एकदा छपाईच्या आदल्या रात्री नवरीच्या वडिलांचा फोन. जावयाच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. ते नाव बत्तीस शीटवर, कोपऱ्यात, सोनेरी अक्षरांत. मागे कुठे पैठणीचा काठ, कुठे मुंडावळ्या, एका शीटवर तर भटजींचा हात. अक्षरांची वेगळी टेक्स्ट लेयर असती तर दहा मिनिटांचं काम. मी रात्रभर क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून नावावर चिकटवत, काठ विणत बसलो. भटजींचं एक बोट थोडं जाड झालंय, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता लेयरवाली पीएसडी (फोटोशॉपची फाइल) वेगळी, लॅबला जाणारी फ्लॅट जेपेग वेगळी. नावात तारीख, 'फायनल' हा शब्द बंद. पीएसडी २ जीबीच्या वर जात नाही, म्हणून त्याहून मोठी फाइल पीएसबीत (फोटोशॉपचाच मोठ्या फाइलींचा प्रकार) सेव्ह करतो. पार्टीने अल्बम नेऊन तीन महिने होईपर्यंत काही उडवत नाही.

खारीबिस्कीट
लेहचा फोटो, ६००० बाय ४००० चा. व्हॉट्सॲपवर टाकायला १००० पिक्सेलचा केला आणि बोटाच्या सवयीने सेव्ह. मूळ फोटोवरच. संपला विषय.

तेव्हापासून गिंप, फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर. तिथे सेव्ह म्हणजे त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइलच, लेयरसकट. जेपेग हवी तर एक्सपोर्ट. २०१२ मध्ये २.८ आवृत्तीत हे आलं तेव्हा मीही शिव्या घातल्या होत्या. ओव्हरराइट आहे, पण ते मुद्दाम निवडावं लागतं.

पाऊसवेडा
२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस, आणि आमचं घर कलिन्याला, तळमजल्यावर. बॅकअप होता बरं का! साठ-सत्तर सीडी, कॉम्प्युटरच्या टेबलाखालच्या खणात. म्हणजे ज्याचा बॅकअप तो आणि बॅकअप, दोघे एकाच पाण्यात.

पाणी उतरल्यावर खण ओढला तर चिखल आणि मधे चकत्या. बायकोने त्या बादलीत निरम्यात बुडवल्या, मऊ फडक्याने पुसल्या, पंख्याखाली वर्तमानपत्रावर मांडल्या. निम्म्याहून जास्त चालल्या! हार्ड डिस्क मात्र गेली ती गेलीच. तिच्यावर शेवटच्या आठ महिन्यांचं सगळं होतं, कारण 'सीडी रविवारी लिहू' असे बरेच रविवार गेले होते.

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब नंतर कळला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझं 'घराबाहेर' म्हणजे मुलीचं बोरिवलीचं कपाट. तिसऱ्या मजल्यावर. महिन्यातून एकदा जेवायला जातो तेव्हा एक डिस्क ठेवतो, दुसरी आणतो. जावई म्हणतात, बाबा आमच्यासाठी येतात की डिस्कसाठी.

लोकल_डबा
लाइटरूम (फोटो लावून ठेवायचं, एडिट करायचं सॉफ्टवेअर) बंद करताना दर आठवड्याला विचारायचं, बॅकअप घेऊ का? मी आपला 'घे'. तीन वर्षं निर्धास्त. तो बॅकअप कॅटलॉगचा असतो, म्हणजे कोणत्या फोटोवर काय केलं याच्या वहीचा. फोटो त्यात नसतात. फोटो ज्यावर होते ती बाहेरची डिस्क टकटक वाजायला लागली तेव्हा उजेड पडला.

लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याने ती कानाशी धरली आणि एवढंच म्हणाला, "पुन्हा लावून बघितली नाहीत ना?" मी पाच वेळा लावली होती. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेचे चार वर्षांचे फोटो गेले. कॅटलॉग अजून उघडतो. बारीक प्रिव्ह्यू, प्रत्येकावर 'मूळ फोटो सापडत नाही'चं उद्गारचिन्ह, आणि नऊवारीतल्या बुलेटवालीचं एक्स्पोजर मी किती वाढवलं होतं त्याची चोख नोंद.

सायलीची_आई
फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून हजारेक फोटो उडवले, 'क्लाउडवर आहेत की' म्हणत. ते ॲप सिंक करतं, त्यामुळे इथून उडवलं की तिथूनही उडतं. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, म्हणून वाचले. सायलीनेच शोधून दिले. चूक माझीच.

टोपणनाव
मी उलटं सांगतो. एका डोंगराच्या चाळीस फ्रेम, प्रत्येकीची पीएसडी, तीन ठिकाणी? आधी निवडा. माझ्याकडे आठ टीबी आहे आणि मुलीच्या बारशाचा धड एक फोटो सापडत नाही.

परळकर
@टोपणनाव, बारशाचे उडवू नका म्हणजे झालं. गिऱ्हाईक नेमका उडवलेलाच फोटो मागतं.

धागाकर्ती
मामाने आज आजीचा फोटो मोबाइलवर काढून पाठवला. ट्यूबलाइटची चकाकी नेमकी हनुवटीवर. गणपतीला जाईन तेव्हा स्कॅनरच घेऊन जाते. मावशी तोवर थांबली नाही. तिने फ्रेमच्या काचेवर काजळाचा ठिपका लावलाय.

परळकर
वेगळ्या लेयरवर काम केलंय मावशींनी.