दिवाळीला कुत्र्यासाठी कोणते खेळणे घ्यावे?

प्रश्न (लातूर): आमच्या आठ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरने मागच्या महिन्यात कापडी खेळण्यातली शिटी काढून गिळली, सुदैवाने ती शौचावाटे बाहेर पडली. दिवाळीसाठी त्याला काय घ्यावे?

उत्तर (परभणी): चेंडू त्याच्या जबड्यात पूर्ण मावणार नाही एवढा मोठा घ्यावा, नाहीतर तो घशात अडकून श्वास कोंडू शकतो. नखाने दाबल्यावर जराही खळगा पडत नसेल, तर ते खेळणे दातांसाठी फार कठीण समजावे. शिजवलेले हाड मात्र मुळीच देऊ नये, कारण त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात.

उत्तर (नांदेड): खेळण्याआधी फराळाचे ताट सांभाळा. लाडवातल्या बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि चॉकलेटमधले थिओब्रोमाइनही त्याला विषारी असते. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीचा तुकडा हीच त्याची दिवाळी!

प्रश्नकर्ता: बेदाण्यांचे ठाऊक नव्हते. रव्याच्या लाडवांचा डबा आजच वरच्या फळीवर ठेवतो.