प्रतिसाद : टेस्टच्या आधी गोळ्यांचं बघा

ताई, मुलाच्या शिंकांसाठी ॲलर्जीची टेस्ट कुठे करायची असं तुम्ही विचारलंय, आणि वर कुणीतरी लॅबचं मोठं 'फूड पॅनेल' (रक्तावरून बऱ्याच खाद्यपदार्थांची एकत्र तपासणी) सुचवलंय. त्यात पैसे घालू नका. अशी बरीच पॅनेलं आयजीजी नावाची रक्तातली अँटिबॉडी मोजतात. ते पोटात काय गेलं एवढंच सांगतं, ॲलर्जी नाही. ॲलर्जीसाठी आयजीई ही वेगळी अँटिबॉडी बघतात, तेही लक्षणांशी जुळवून. नाहीतर रिपोर्ट बघून शेंगाचटणीसुद्धा बंद कराल, उगीच!

निव्वळ ॲलर्जीचा डॉक्टर शोधत बसण्यापेक्षा आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञाला दाखवा. सिव्हिलमध्येही दोन्ही विभाग आहेत. धाप लागत असेल तर छातीचेच. फोनवर एकच विचारा : स्किन प्रिक टेस्ट (हातावर हलकं टोचून गांधी उठते का बघायची तपासणी) स्वतः करता का, आणि रिॲक्शन आली तर इंजेक्शनची सोय आहे का?

खरी गोम गोळ्यांची. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन वगैरे ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद लागतात, नाहीतर हातावर गांधी उठतच नाही. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही असलं औषध असतं आणि मॉन्टेल्युकास्ट (ॲलर्जी-दम्याचं दुसरं औषध) मिसळलेल्या जोडगोळीतही, म्हणून सगळी पाकिटं घेऊनच जा. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका. गोळ्या थांबवता येत नसतील तर रक्तातली आयजीई तपासणी चालते.

टेस्टला फार दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तोवर त्रास कधी वाढतो ते लिहून ठेवा : घरी झाडताना, गाजरगवत फुलल्यावर, की मागाच्या कारखान्याजवळून जाताना? डॉक्टर पहिलं तेच विचारतील.