मुलाखतीत म्हणे माणूस कळतो!

स्पष्टवक्ता: काल इथे एकाने लिहिलं, ‘मेडिकलला नुसत्या मार्कांवर घेऊ नका, वीस मिनिटं समोर बसवा, पोरगं लायकीचं आहे का ते लगेच कळतं.’ डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेडिकल स्कूलच्या मुलाखती उरकल्यावर विधिमंडळाने जागा १५० च्या २०० केल्या. ५० पोरं नाकारलेल्यांतूनच उचलावी लागली. पुढे पदवीनंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. मग कळलं काय त्या वीस मिनिटांत?

मुलाखतवाला: ‘एकाने’ म्हणजे मी. ह्यूस्टनच्या होत्या जुन्या पद्धतीच्या गप्पा. आता एमएमआय असते, म्हणजे ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, एकीऐवजी अनेक छोट्या मुलाखती, कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढलेली. दहाएक खोल्या, दारावर प्रसंग चिकटवलेला, दोन मिनिटं वाचा, घंटा झाली की आत आठ मिनिटं. दर खोलीत परीक्षक वेगळा. एकाची खप्पा मर्जी झाली तरी नऊ उरतात.

दुसऱ्यांदा_बसलेली: मी दिलीय एमएमआय. ‘मैत्रिणीचा लॅपटॉप तुमच्या हातून पाण्यात पडला, तिला सांगा.’ आत एक नटी. ती इतकं खरं रडली की मला शब्दच फुटेना. टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला आणि गप्प बसले. परीक्षक खाली मान घालून खरडत होते. नापास. कारण कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी क्लास लावला, ‘आधी समोरच्याचं दुःख मान्य करा, मग बोला’ हे घोकलं, पास! वर्षभरात मी जास्त दयाळू झाले का?

पहिल्याच_पिढीची: डॉक्टरांच्या पोरांना हा क्लास घरबसल्या फुकट. ‘दवाखान्यात काय अनुभव घेतलात?’ म्हणे. आम्हाला कोण उभं करतंय तिथे?

दुसरी_पिढी: आलं पुन्हा! फोन आला की बाबा भरल्या ताटावरून उठायचे, हे मी लहानपणापासून बघितलंय. तेच सांगितलं, तर परीक्षक म्हणे, ‘म्हणजे वडिलांमुळे आलात.’ सांगितलं तरी पंचाईत, लपवलं तरी.

पहिल्याच_पिढीची: अरेरे. ताट भरलेलं होतं ना पण?

दुसरी_पिढी: वैयक्तिक होऊ नका.

पहिल्याच_पिढीची: बाबांना आणलं कुणी मध्ये? मी?

मुलाखतवाला: अहो, विषय मुलाखतीचा आहे, ताटाचा नाही!

निवृत्त_परीक्षक: बरीच वर्षं त्या खुर्चीत बसलोय. खरं सांगतो, जेवणानंतर आलेल्या पोरांना माझ्या हातून कमी मार्क गेलेत. डोळे मिटायचे. पण एक आठवतो. लेखीत पहिल्या पाचात. विचारलं, ‘शुद्धीवरचा पेशंट उपचार नको म्हणतोय, काय कराल?’ म्हणाला, ‘दोन माणसं लावून धरायचा.’ ह्याला कुठल्या पेपरात पकडणार होता?

स्पष्टवक्ता: बरं बाबा, एक सापडला. सत्कार करू तुमचा. क्लास लावून आला असता तर तोही गोड बोलला असता.

निवृत्त_परीक्षक: असता. नाही म्हणत नाही.

दुसऱ्यांदा_बसलेली: काका, पहिल्या खेपेला माझा नंबर दुपारी अडीचला होता. सहज सांगितलं.