शब्दचर्चा : ‘नील-हरित शैवल’ शैवल नसेल, तर मग काय म्हणायचं?

कोरा कागद : भाषांतरात अडकलोय. आधी ‘नील-हरित शैवल’ लिहिलं. पुढच्याच ओळीत मूळ लेखक सांगतो, हे शैवल नव्हेच. मराठीत झालं : ‘नील-हरित शैवल हे शैवल नाही.’ वाचक हसेल.

सूक्ष्मदर्शी : सायनोबॅक्टेरिया लिहा नि मोकळे व्हा. पेशीत केंद्रक नाही, हरितलवक नाही. जीवाणूच ते. मराठीच हवं तर ‘नीलजीवाणू’.

कोशवाचक : रुळलेला शब्द का मोडायचा? देवमासा तरी कुठे मासा आहे?

सूक्ष्मदर्शी : देवमासा एकटा आहे हो, इथे सगळं गणगोतच वेगळं! हार्वी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६मध्ये शैवलांचे रंगावरून गट पाडले : हिरवी, तपकिरी, लाल. रंगद्रव्यांमुळे ते बरंचसं टिकलंही. पण तपकिरी शैवलं हिरव्यांची भावंडं नाहीत. त्यांची सोयरीक डायटम या काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय जीवांशी, आणि बटाट्यावर करपा आणणाऱ्या जीवाशी. हिरवी मात्र जमिनीवरच्या झाडांच्या कुळातली. ‘शैवल’ हे कुळाचं नावच नाही, राहणीचं आहे.

ओलसर भिंत : आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. ट्रेंटेपोहलिया हे हिरवं शैवल, पण झाडाच्या सालीवर चक्क भगवं दिसतं. नखाने खरवडून काचपट्टीवर घेतलं, तर पेशींच्या माळा नि आत नारिंगी थेंब. हिरवा रंग त्याखाली झाकलेला.

पाणकणीस : मग ‘शेवाळी रंग’ म्हणजे नेमका कोणता? आमच्या बाई तर भिंतीवर बारीक पानं दिसली की ‘हे शेवाळ नाही, हरिता (मॉस)’ म्हणून दटावायच्या. माझ्या मते पाय घसरतो ते शेवाळ, परीक्षेत येतं ते शैवल.

कोशवाचक : ‘शैवल’ ‘शी’ धातूवरून. शी म्हणजे निजणे. पाण्यावर निजून असतं ते.

सूक्ष्मदर्शी : युग्लीना हा एकपेशीय जीव. ती निजत नाही, कशाभिका म्हणजे चाबकासारखा धागा हलवत पोहते! तिचं हरितलवकही मुळात तिच्या पूर्वजाने गिळलेल्या हिरव्या शैवलाचं. तिला काय म्हणाल?

कोशवाचक : उसनं शैवल.

पाणकणीस : आमच्या पुस्तकात ‘शैवाल’ होतं.

कोशवाचक : संस्कृतात दोन्ही आहेत. फक्त ‘शैवाले’ असं अनेकवचन करू नका, कानाला खटकतं.

पाणकणीस : ‘शैवले’ तरी कुठे गोड लागतं? बोलताना शेवाळाचं अनेकवचन कोणी करतं का?