'आयशीचो घो' मधला घो

'आयशीचो घो' या मालवणी शिवीतला घो म्हणजे काहीतरी अश्लील शब्द असणार असं काहींना वाटतं, पण तसं अजिबात नाहीये. मालवणीत घो किंवा घोव म्हणजे सरळ नवरा, कोकणीतही घोव म्हणजे नवराच. जुन्या मराठीत नवऱ्यासाठी गोहो शब्द होता, तोच हा. ह मागच्या ग ला चिकटला की घ होतो आणि गोहोचा घोव होतो, मालवणीत हे बऱ्याच ठिकाणी दिसतं बघा, बाहेरचं भायर, बहीणचं भयण. प्रमाण मराठीतून गोहो गेलाच त्यामुळे घाटावरच्या माणसाला नुसता घो ऐकून काही कळत नाही आणि मग तो भलतंच काहीतरी समजतो.

म्हणजे 'तुझ्या आयशीचो घो' चा शब्दशः अर्थ तुझ्या आईचा नवरा, थोडक्यात बापच काढला. शिवी आहेच, नाही असं नाही, पण बरेचदा कुणाला उद्देशून नसतेच, हातातलं काही पडलं, एसटी चुकली की नुसतं 'आयशीचो घो!' आणि दोस्ताला म्हटलं तर त्यात कौतुकपण असतं, सगळं टोनवर आहे. आणि प्लीज, आयशीचो असंच लिहा, मालवणीत पुल्लिंगाला ओ लागतो, 'आयचा घो' हे घाटावरचं रूप झालं.