समुद्रावर पोहण्याच्या कपड्यांवरून घालायला क्रोशाचा अंगरखा: दोरा कोणता आणि किती सैल?

कृष्णाकाठ

मी सांगलीची, वय 53. क्रोशा हातात आहे तो सातवीपासून. ताटावरचे रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं झाकण, बाळांच्या टोप्या, सगळं करून झालंय. अंगात घालायचं मात्र कधी केलं नव्हतं.

थोडं मागचं सांगते. आमच्याकडे मुलगे पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकायचे, आम्ही मुली घाटावर बसून त्यांचे कपडे राखायचो. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि मी 51व्या वर्षी तलावात उतरले. आता सलग वीस फेऱ्या मारते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी, वहिनी आणि भाची तारकर्लीला चाललोय. पाण्यात उतरायची मला भीती वाटत नाही. अडचण आहे ती खोलीपासून पाण्यापर्यंतच्या वाटेची. पोहण्याच्या कपड्यात चारचौघांतून तेवढं चालत जायला मला अवघड होतं. मागच्या खेपेला वरून गाऊन घातला होता. तो भिजून पायांना असा चिकटला की पाऊल टाकता येईना. तेव्हाच ठरवलं की या वर्षी स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं.

फेब्रुवारीत एक करून पाहिला. दुकानातल्या ताईंनी 8 प्लायचा, म्हणजे जाडसर, सुती दोरा दिला, 'सुती आहे, उन्हाळ्याला छान' म्हणाल्या. 3.5 मिमीची सुई घेतली आणि खांबाला (उभ्या टाक्याला) लागून खांब अशी भरगच्च वीण घातली. 610 ग्रॅम दोरा गेला. दिसायला सुरेख झाला, पण बादलीत बुडवून, पिळून, किचनच्या वजनकाट्यावर ठेवला तर 1 किलो 300 ग्रॅम! दोरीवर टाकला आणि सकाळी मोजला तर 33 इंचांची लांबी 41 झालेली. खांदे ओघळून दंडावर आले होते. दीड महिन्याचं काम होतं, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो उसवलाय आणि आता नव्याने सुरू करायचंय. छाती 42, उंची 5 फूट 2. दोरा किती जाड घ्यावा, सैलपणा किती ठेवावा आणि ओला झाल्यावर लांबू नये म्हणून काय करावं? साडेपाच आठवडे हातात आहेत. रोज रात्री दीड तास बसू शकते.

रंगीतलडी

ताई, ॲक्रिलिक घ्या. वजनाला हलकं, लांबत नाही, लवकर वाळतं, स्वस्तही पडतं. मी गोव्यासाठी केला होता.

खांब_साखळी

कृष्णाकाठ, उसवलेला दोरा वाया गेला नाही. त्याच्या पिशव्या होतील, त्यांना 8 प्लायच हवा असतो.

ॲक्रिलिकबद्दल माझं मत वेगळं आहे. लांबत नाही हे खरं, पण घाम शोषत नाही. मेमधली कोकणातली दुपार म्हणजे हवा आधीच पाण्यानं भरलेली. पाठीवर ॲक्रिलिक घालून दहा मिनिटं बसा, अंग चिकचिकायला लागतं. सुतीच घ्या, फक्त बारीक घ्या. चूक सुताची नव्हती, जाडीची आणि विणीची होती.

4 प्लायचा मर्सराइज्ड सुती दोरा मागा. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसानं 1844 मध्ये सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तिचंच हे नाव. तिनं धागा मजबूत होतो आणि रंग धरून ठेवतो. विणताना त्याचे तंतू सुईला सुटत नाहीत, त्यामुळे जाळी स्वच्छ दिसते. दुकानात 'बांबू'चा मऊ दोरा दाखवतील. हाताला लोण्यासारखा लागतो, पण बहुतेक वेळा तो व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासून केलेला धागा, असतो आणि व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं. सुताचं उलट आहे, ते ओलं असताना जास्त ताकदीचं. समुद्रावर न्यायचं तर हा फरक मोठा.

वीण साधी चौकटीची जाळी ठेवा: एक खांब, दोन साखळ्या, खालच्या ओळीतल्या खांबावर पुन्हा खांब. 4 प्लायला एरवी मी 2.5 ची सुई घेते, पण इथं 4 मिमीची घ्या. दोरा बारीक आणि सुई जाड असली की वीण मोकळी पडते, अंगावर पाण्यासारखी राहते. सुरुवातीच्या साखळ्या मात्र त्याहून अर्धा मिमी जाड सुईनं घाला. खालचा घेर तिथूनच आवळतो आणि मग चालताना मांड्यांवर वर सरकत राहतो.

आकार द्यायच्या भानगडीत पडू नका. दोन चौकोन, पुढचा आणि मागचा. छाती 42 तर घेर 52, म्हणजे प्रत्येक चौकोन 26 इंच रुंद. एवढा रुंद घेतला की खांदा आपोआप दंडावर उतरतो आणि वेगळी बाही करावी लागत नाही.

आणि कृपा करून आधी नमुना विणा. सहा इंचांचा चौकोन करून भिजवा, दोरीला चिमटा लावून टांगा, खालच्या कडेला दोन चमचे अडकवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जेवढा लांबला असेल तेवढं प्रमाण पूर्ण लांबीतून आधीच वजा करायचं. मी हे एकदा टाळलं होतं आणि तुमच्यासारखाच अंगरखा उसवला होता.

मृणाल_मेलबर्न

खांब_साखळी यांनी वीण छान सांगितली आहे. मी फक्त उन्हाचं सांगते. इकडे उन्हाची धास्ती फार, तरी पहिल्या उन्हाळ्यात मी नुसती जाळी घालून समुद्रावर दोन तास बसले. घरी येऊन आरशात पाहिलं तर खांद्यांवर चौकटी उमटल्या होत्या, कपडा काढला तरी कपडा अंगावरच. लालसर जाळी आठ दिवस राहिली आणि ब्राची पट्टी लावणं नको झालं. जाळी ऊन अडवत नाही ताई. तुम्ही पोहणार आहात, म्हणजे ऊन थेट खांद्यांवर आणि मानेखाली लागणार.

त्यामुळे वरचे पाच इंच भरीव ठेवा, खांबाला लागून खांब. प्रत्येक चौकटीच्या पोकळीत दोन खांब आणि खालच्या खांबावर एक, म्हणजे टाके वाढवायचे-घटवायचे राहत नाही. याचा दुसरा फायदा तुमच्या ओघळणाऱ्या खांद्यांना होईल. ओल्या कपड्याचं सगळं वजन खांद्यावर लटकतं आणि तिथंच जाळी असेल तर तीच आधी ताणली जाते. वर भरीव, खाली मोकळं. ओली असताना जाळी आणखी पारदर्शक दिसते, म्हणून नितंबांच्या पातळीवर मी चार ओळी भरीव घातल्या होत्या. ते ज्याच्या त्याच्या सोयीनं.

सनस्क्रीन लावल्यावर लगेच अंगात घालू नका. पांढऱ्या दोऱ्यावर पिवळे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत.

माडाखाली

मी तारकर्लीजवळच्या देवबागची. आमच्याकडे पाहुणे राहतात, त्यामुळे असे कपडे धुतलेले आणि फाटलेले बरेच बघितलेत. चार गोष्टी सांगते.

मंगळसूत्र खोलीत काढून ठेवा. वाट्या जाळीत अडकतात. गेल्या वर्षी एका ताईंचा अंगरखा डोक्यातून काढताना असा अडकला की दोघींनी मिळून दहा मिनिटं सोडवत बसलो, शेवटी विणीतली एक साखळी कापावी लागली. बांगड्यांचं तसं होत नाही, पण पायातल्या जोडव्यांचं होतं. खालची कड गुडघ्याच्या वर ठेवलीत तर वाकून बसताना बोटात यायची नाही.

वाळू झटकायची ती कपडा पूर्ण सुकल्यावर. ओला असताना चोळलात तर वाळू धाग्यात शिरते आणि आतून कापते.

खारं पाणी अंगरख्यात सुकू देऊ नका. संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्यातून दोनदा काढायचा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, पिळायचा नाही. मग खाटेवर पसरून सावलीत. दोरीवर कधीच नको. गडद रंगावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, म्हणून वाळूच्या रंगाचा किंवा फिकट निळा बरा. नवा गडद रंग जात असेल तर मिठाच्या पाण्यात ठेवून पक्का होतो म्हणतात, तसं काही होत नाही. होत असतं तर आमच्या समुद्रानं सगळ्यांचे रंग पक्के केले असते!

आणि येताना एकच करून आणू नका. सकाळी भिजलेला दुपारपर्यंत सुकत नाही. दुसरा नसेल तर साधी सुती ओढणी बरोबर ठेवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहिते, म्हणजे पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

4 प्लायचा मर्सराइज्ड दोरा, फिकट निळा, 50 ग्रॅमच्या पाच गुंड्या. 4 मिमीच्या सुईनं 10 सेंमीमध्ये 7 चौकटी बसल्या. नमुना दोन चमचे लावून रात्रभर टांगला तर 15 सेंमीचा 17 झाला. बघून धस्स झालं, पण हे आधी कळलं याचं समाधान फार होतं.

26 इंचांना 47 चौकटी. सुरुवातीला 142 साखळ्या आणि वळायच्या 5, पहिला खांब सुईपासून नवव्या साखळीत. जाळीच्या 53 ओळी आणि वर मृणालनं सांगितल्याप्रमाणे 12 ओळी भरीव, एकूण 30 इंच. गळ्याला मध्ये 11 इंच सोडून दोन्ही खांदे जोडले आणि गळ्याभोवती मुक्या खांबाची (आखूड टाक्याची) एक ओळ फिरवली. बाजूला वरून साडेआठ इंच हातासाठी उघडे आणि खाली आठ इंचांची चीर, म्हणजे ढांग टाकताना ओढ बसत नाही. सगळं मिळून 235 ग्रॅम.

चौथ्या गुंडीला एक चूक झाली. तिसऱ्या ओळीत एका ठिकाणी दोनच्या जागी तीन साखळ्या पडल्या होत्या आणि ते मला वीस ओळी वर गेल्यावर दिसलं. दिवाणावर पसरला आणि तेवढीच एक चौकट पोटावर फुगल्यासारखी. वहिनी म्हणाली, राहू दे, कुणाला दिसतंय. पण मला दिसत होतं. उसवला. तीन रात्री गेल्या.

काल रात्री तारकर्लीहून परत आलो. ओला झाल्यावर तो 33 इंचांवर थांबला, गुडघ्याच्या वर. खांदे जागेवर राहिले. पहिल्या सकाळी खोलीच्या दारात मी थोडा वेळ उभी होते. सुरूच्या झाडांखालून वारा आला तसा जाळीतून आरपार गेला, अंगावर कपडा आहे असं वाटेचना, तरी झाकलेली होते. मग चालत गेले. पाण्याच्या कडेला काढून भाचीच्या हातात दिला आणि आत शिरले. पोहून बाहेर आले तर भाचीनं तो स्वतःच घातला होता!

माडाखाली, मंगळसूत्र पहिल्या दिवशी काढायला विसरलेच होते, दारातून परत फिरले.

आता वहिनीला तसाच हवाय, आणि गुडघ्यासाठी तीही जूनपासून माझ्याबरोबर तलावावर येणार आहे. तिची छाती 38. घेर 48 धरला तर 43 चौकटी पुरतील ना?

खांब_साखळी

पुरतील. 130 साखळ्या आणि वळायच्या 5. उंच असतील तर जाळीच्या ओळी तीन-चार वाढवा, भरीव भाग तेवढाच राहू द्या.